पुण्याकडे सफरचंद लावावे की नाशपाती? वाणाच्या आधी झाडाच्या झोपेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यात सासवडच्या पुढे दोन एकर बागायत आहे, त्यातले निम्मे रान मुरमाड आणि निम्मे काळे आहे. विहीर व ठिबक आहे. सध्या अंजीर आणि बांधाला थोडे सीताफळ आहे. अंजिरावरच्या तांबेऱ्याला कंटाळून ते काढावे आणि त्या जागी सफरचंद किंवा नाशपाती लावावी असे प्रश्नकर्त्यांच्या मनात आहे, आणि या दोन्हींतला कोणता वाण आपल्याकडे सरस ठरेल, अशी त्यांची विचारणा आहे. सोबत एका रोपवाटिकेच्या जाहिरातीतले वाक्य दिले आहे: "४८ अंशांतही फळ देणारे सफरचंद."

मी हवेली तालुक्यात, सिंहगडाच्या पायथ्याकडे, गेली दहा-अकरा वर्षे सफरचंदाची थोडी झाडे आणि नाशपातीची त्याहून थोडी झाडे सांभाळतो आहे. त्याआधी द्राक्षे व डाळिंबे केली होती, आणि खरे सांगायचे तर सफरचंदात मला जे काही जमले ते त्या दोन पिकांनी शिकवलेल्या गोष्टींमुळेच जमले. जाहिरातीतले वाक्य खोटे नाही, पण ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे. मे महिन्यातल्या उन्हाने सफरचंदाचे झाड सहसा मरत नाही, पाणी असेल तर ते तग धरते. आपली खरी अडचण डिसेंबर-जानेवारीतली आहे, आणि ती उन्हाची नसून अपुऱ्या थंडीची आहे.

सफरचंद आणि नाशपाती ही दोन्ही मूळची थंड मुलखातली पानगळीची झाडे. हिवाळ्यात त्यांचे डोळे, म्हणजे काडीवरचे कोंब, गाढ झोपी जातात आणि ठरावीक काळ थंडी खाल्ल्याशिवाय उठत नाहीत. ही थंडी तासांत मोजण्याची जुनी रीत अशी की तापमान ७.२ अंश सेल्सिअसच्या खाली असलेला प्रत्येक तास झाडाच्या खात्यात जमा धरायचा. हिमाचल-काश्मीरमध्ये ज्यांच्यावर बागा उभ्या राहिल्या त्या डेलिशियस गटातल्या वाणांना असे हजारभर तास लागतात. आता आपल्याकडचा हिशेब करून पाहा. ज्या रात्री किमान तापमान १० अंश असते त्या रात्री खात्यात शून्य तास पडतात. किमान ५ अंशांपर्यंत उतरलेल्या रात्री पहाटेचे चार-पाच तास मिळतात, आणि अशा दहा रात्री मिळाल्या तरी बेरीज पन्नासच्या आसपास राहते. त्यात दुपारी पारा २९-३० अंशांवर गेला की रात्री कमावलेल्यापैकी काही भाग पुसला जातो, कारण झाडाचे खाते केवळ बेरजेचे नाही, त्यात वजाबाकीही आहे. पुण्याच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांची नोंद केली होती हे अनेक जण अभिमानाने सांगतात, पण एका रात्रीच्या कडाक्याने हे खाते भरत नाही.

म्हणून डेलिशियस, त्याचे स्कार्लेट स्पर वगैरे उपप्रकार आणि नाशपातीतला बार्टलेट यांचा विचार इथेच सोडून द्यावा. ही झाडे आपल्याकडे जगतात, पण त्यांना पाने शेंड्यालाच फुटतात, खालच्या काड्या उघड्या राहतात आणि फूल आले तरी मार्चपासून मेपर्यंत रेंगाळत दोन-चार येते. मी सुरुवातीला हौसेने आणलेली तीन झाडे पाच वर्षे सांभाळली आणि शेवटी त्यांच्या खुंटांवर, म्हणजे कलमाखालच्या मुळाकडच्या भागावर, दुसऱ्या वाणाचे डोळे भरले.

मग उरतात कमी थंडीचे वाण. सफरचंदात आपल्या कामाची नावे तीनच: अ‍ॅना, डोर्सेट गोल्डन आणि एचआरएमएन-९९. अ‍ॅना हा इस्रायलमधला वाण, आइन शेमेर या किबुत्झमध्ये संकरातून तयार केलेला, आणि त्याच्या एका अंगाला गोल्डन डेलिशियस आहे. डोर्सेट गोल्डन बहामा बेटांवर, म्हणजे जवळजवळ उष्ण कटिबंधातच, निपजला. एचआरएमएन-९९ हिमाचलातल्या बिलासपूर जिल्ह्यातील पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी आपल्या परसात बियांतून उगवलेल्या झाडावरून निवडला, आणि त्या कामासाठी त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. अ‍ॅनाला साधारण दोनशे ते तीनशे तास थंडी पुरते असे धरतात, डोर्सेटला त्याहूनही कमी. नाशपातीत पंजाबच्या मैदानी भागात रुळलेला पत्थरनाख हा सर्वांत कमी थंडीचा, दीडशेच्या आसपास तासांचा वाण. पंजाब ब्यूटी, बग्गूगोशा आणि लेकाँट या निममऊ जाती त्याच्या पुढच्या पायरीवर येतात.

पण चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आले असेल की हे दीडशे-दोनशे तासही आपल्याकडे भरत नाहीत. तरीही माझ्या अ‍ॅनाला जानेवारीत फूल येते. ते का येते, हे समजले तर बाकीचे उत्तर तुम्ही स्वतःच लिहू शकाल, म्हणून इथे थोडा थांबतो.

झाडाचा डोळा दोन प्रकारे गप्प बसतो. पहिल्या प्रकारात शेंडा आणि पाने त्याला दाबून ठेवतात. ती काढली तर तो फुटायला मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारात डोळा आतूनच झोपी गेलेला असतो आणि मग पाने काढा, शेंडा खुडा, थंडीशिवाय तो हलत नाही. दुसरी झोप लागण्यापूर्वीच पहिल्या अवस्थेत डोळा फोडला, तर थंडीची गरज बरीचशी टाळता येते. इंडोनेशियात पूर्व जावामधल्या बातू-मलांग भागात, विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, अनेक दशके सफरचंदाची शेती याच युक्तीवर चालत आली आहे: फळ उतरवल्यावर काही आठवड्यांनी सगळी पाने हाताने ओरबाडून काढतात, झाड फुलते, आणि वर्षात दोन पिके घेता येतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ते सफरचंदाचा बहार धरतात. तुम्ही पुरंदरचे आहात. अंजिराचा खट्टा बहार आणि मीठा बहार ज्याने घेतला आहे त्याला हे शिकवावे लागू नये.

माझी रीत अशी आहे. पावसाळा संपल्यावर झाडांची पाने जून, जाड आणि थोडी रोगट झालेली असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस पाणी कमी करत नेतो आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तोडतो. मुरमाड रानात पंधरा-सोळा दिवसांचा ताण पुरतो, काळ्या रानात महिना झाला तरी झाडाला ताण बसल्याचे कळत नाही, म्हणून काळ्या रानातला बहार नेहमीच अनिश्चित राहतो. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उरलेली पाने हाताने काढतो, हलकी छाटणी करतो आणि उभ्या वाढलेल्या काड्या सुतळीने आडव्या बांधतो, कारण उभी काडी शेंड्यालाच फुटते आणि आडव्या काडीवर डोळे सारखे फुटतात. मग शेणखत देऊन, वाफसा पाहून पाणी सुरू करतो. तीन ते चार आठवड्यांत कळ्या दिसू लागतात.

द्राक्षवाले विचारतील, हायड्रोजन सायनामाइड का नाही? मी दोन वर्षे वापरून पाहिले. डोळे एकसारखे फुटतात हे खरे, पण वेळ चुकून डोळे फुगायला लागल्यावर फवारणी झाली तर तेच डोळे जळतात, आणि माझ्याकडे एका वर्षी एक अख्खी ओळ अशी गेली. शिवाय हे औषध अंगावर उडाल्यास घातक असते आणि फवारणीच्या आगेमागे मद्य घेतलेल्या माणसाला गंभीर त्रास होतो, हे मजुरांना बजावून सांगावे लागते. वीस-पंचवीस झाडांसाठी हात पुरेसे आहेत.

आता तीन वाणांची तुलना. अ‍ॅना दिसायला लांबट, हिरवट-पिवळ्या अंगावर लाली असलेला, बाजारातल्या डेलिशियसच्या घडणीशी जवळचा. ग्राहक त्याला चटकन सफरचंद म्हणून ओळखतो. चव सौम्य असते. दोष असा की तो एकटा लावला तर फळधारणा कमी होते. त्याला त्याच सुमारास फुलणारा जोडीदार लागतो आणि ते काम डोर्सेट करतो. डोर्सेट गोल, पिवळा, एका गालावर गुलाबी झाक असलेला, आणि माझ्या जिभेला तिघांत सर्वांत चवदार, कारण त्यात गोडीबरोबर आंबटपणा शिल्लक असतो. पिवळ्या रंगामुळे मात्र व्यापारी त्याला हात लावायला कचरतो. आठ-नऊ अ‍ॅनांमागे एक डोर्सेट हे किमान प्रमाण. मी चारास एक ठेवतो, कारण माझा बराचसा माल घरूनच विकला जातो. एचआरएमएन-९९ लवकर फळावर येतो, लावणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ दिसते, आणि झाड काटक आहे. माझ्याकडे त्याचा त्रास एकच झाला: तो वेळीअवेळी फुलतो. ऑगस्टमध्ये पावसात चार फुले, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सहा. ही फुले खुडून टाकावी लागतात, नाहीतर मुख्य बहाराची शक्ती त्यांच्यात जाते. शिवाय या नावाने विकली जाणारी सगळीच रोपे त्याच झाडाची कलमे असतात असे नाही. मी तीन ठिकाणांहून आणलेल्या रोपांना तीन तऱ्हेची फळे आली. म्हणून मुख्य लावणी अ‍ॅना आणि डोर्सेटची करावी, एचआरएमएन-९९ ची चार-सहा झाडे एका कडेला, असे माझे मत आहे.

नाशपातीकडे वळण्यापूर्वी एक खुलासा. आपल्याकडे तिला बरेच जण 'पेर' म्हणतात आणि फोनवर ते निम्म्या लोकांना पेरू ऐकू येते. माझ्याकडे 'पेरची रोपे' मागणारे दोघे 'सरदार' जातीच्या पेरूची रोपे न्यायला आले होते. तेव्हा मागणी लेखी द्यावी.

पत्थरनाख नावाप्रमाणे दगडासारखा कडक, गोल, हिरव्या सालीवर ठिपके असलेला. गरात रेवाळ कण लागतात, पण तो रसाळ असतो आणि प्रवासात खराब होत नाही. तो बऱ्यापैकी स्वतःच्याच परागावर फळतो, त्यामुळे एकटे झाडही चालते. भारी रानात, पावसाळ्यात आठ दिवस ओल साचली तरी नाशपाती तग धरते. त्या रानात सफरचंदाचे मूळ गुदमरते. या एका मुद्द्यावर नाशपाती स्पष्टपणे सरस आहे, आणि तुमच्या निम्म्या काळ्या रानामुळे तो मुद्दा तुम्हाला लागू आहे.

तरीही मी नाशपातीची बाग लावायला सांगणार नाही, आणि त्याची कारणे तीन आहेत. झाड मोठे होते, वीस फुटांहून कमी अंतर त्याला चालत नाही, आणि फळाला पाच-सहा वर्षे थांबावे लागते. अ‍ॅना तिसऱ्या वर्षी चवीपुरती फळे देऊन धीर देतो. दुसरे, नाशपाती मुख्यतः दोन वर्षांच्या आणि त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड फळफांद्यांवर फळते. डाळिंबाची सवय असलेला हात दरवर्षी कात्री चालवतो आणि नकळत पुढच्या वर्षीचे पीक कापून टाकतो. अ‍ॅना आणि डोर्सेट एक वर्षाच्या काडीवरही फुलत असल्यामुळे ही चूक सोसतात. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते फळ कधी तयार होते याचे. अ‍ॅना फुलापासून साधारण साडेतीन ते चार महिन्यांत तयार होतो. जानेवारीअखेर फूल धरले तर मेच्या उत्तरार्धात, मृगाचा पाऊस येण्याआधी, माल निघतो. त्या वेळी हिमाचल-काश्मीरचा नवा माल बाजारात आलेला नसतो, शीतगृहातला आणि परदेशी माल विकला जात असतो. पत्थरनाखला फुलापासून पाच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणजे फळ पिकते ते ऐन आषाढात, आणि त्या वेळी फळमाशी आणि कुजवा दोन्ही जोरात असतात. माझ्या सहा झाडांपैकी दोन वर्षे मी निम्म्याहून अधिक फळ फेकले. आता कागदी पिशव्या बांधतो, पण सहा झाडांना पिशव्या बांधणे आणि एकरभर बागेला बांधणे यांत फरक आहे.

निममऊ जातींची चव पत्थरनाखहून पुष्कळ चांगली, पण त्या झाडावर पिकू देऊ नयेत, आतून कुजतात. टणक असतानाच उतरवून घरात पिकवाव्यात. पंजाब ब्यूटीचे माझे एकच झाड आहे आणि ते चार वर्षांतून दोनदाच नीट फुलले. माझ्या बागेत त्याला थंडी अपुरी पडते असे मी मानतो. तुमचे रान पुण्याहून उंचावर आहे, तिथे कदाचित बरे जमेल. एखादे लावून पाहायला हरकत नाही.

वाणाइतकाच, माझ्या अनुभवात किंचित अधिकच, खुंट महत्त्वाचा ठरला. माझी पहिली चाळीस झाडे मी ओढ्याकडच्या काळ्या तुकड्यात, नेमका कोणता खुंट आहे हे न विचारता लावली. दुसऱ्या पावसाळ्यात बुंध्याची साल जमिनीलगत तपकिरी पडली आणि अकरा झाडे गेली. हा बुंधाकुज. नंतर चौकशी केल्यावर कळले की ती एमएम-१०६ या खुंटावर होती आणि तो या रोगाला बळी पडणारा म्हणून प्रसिद्ध आहे. विकणाऱ्याचा दोष मी काढत नाही, विचारायचे काम माझे होते. आता मी एमएम-१११ घेतो. तो मुरमाड, कमी पाण्याच्या रानात टिकतो, मध्यम उंचीचे झाड करतो आणि सफरचंदाच्या लोकरी माव्याला मुळांवर बऱ्यापैकी दाद देत नाही. (हा मावा उसावरच्या लोकरी माव्याहून वेगळा आहे. शेजारच्या उसातून तो येईल ही भीती बाळगू नये.) एम-९ हा ठेंगणा खुंट सघन लागवडीसाठी छायाचित्रांत सुंदर दिसतो, पण त्याला तारेचा आधार आणि सततची देखरेख लागते. आपल्याकडच्या उन्हात त्याची झाडे लवकर थकतात असे मला दिसले. नाशपाती घ्यायची तर ती कैंथ या रानटी नाशपातीच्या खुंटावरची घ्यावी. बिही (क्विन्स) या झाडाच्या खुंटावरची नको, कारण चुनखडी असलेल्या जमिनीत त्या खुंटावर पाने पिवळी पडतात, आणि पुरंदरात चुनखडी कुठे वर येईल याचा नेम नसतो. माती परीक्षणात मुक्त चुन्याचे प्रमाण अवश्य पाहावे.

उन्हाबद्दलही दोन गोष्टी सांगायला हव्यात. झाड मरत नसले तरी एप्रिल-मेमध्ये पश्चिमेकडच्या फळांवर चट्टे पडतात, आणि रात्री उबदार असल्यामुळे लाल रंग भरत नाही. सालीतली लाली थंड रात्रींत तयार होते, तिला खताने किंवा फवारणीने आणता येत नाही. बुंध्याला चुना, पश्चिमेच्या बाजूला थोडी दाट पाने राखणे आणि जमले तर मार्चपासून पांढरी जाळी, एवढे मी करतो. जाळीमुळे पोपट आणि बुलबुल यांच्यापासूनही सुटका होते, गारपिटीचाही मार कमी बसतो. फुलोऱ्यात मधमाशांच्या दोन पेट्या ठेवल्यापासून फळांचा आकार सुधारला, कारण परागीभवन अर्धवट झाले की सफरचंद एका बाजूला खुजे राहते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथले प्रशिक्षण घेतल्याचा मला उपयोग झाला.

विक्रीविषयी स्पष्ट बोलतो. आपल्या सफरचंदाचा गर मऊ पडतो आणि साध्या हवेत आठवड्याभराच्या पुढे ते कुरकुरीत राहत नाही. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रंग आणि आकार यांवर भाव ठरतो, आणि तिथे आपला माल सिमल्याच्या किंवा परदेशी मालाशेजारी फिका दिसतो. मी दोनदा नेला, तिसऱ्यांदा नेला नाही. शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्या पुणेकरांना झाडावरून तोडून दिलेले फळ मात्र ते हौसेने आणि योग्य भावाने घेतात. तुमच्या रानाजवळून नारायणपूर, पुरंदर किल्ला किंवा जेजुरीकडे जाणारा रस्ता असेल तर हा मार्ग तुम्हालाही खुला आहे. रस्ता आडबाजूला असेल तर माझे गणित तुम्हाला लागू पडणार नाही, आणि मग दहा गुंठ्यांवर जाऊच नये.

अंजीर काढण्याच्या विचारावर माझा सल्ला असा आहे की ते काढू नका. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, त्याचा बाजार बसलेला आहे, आणि तांबेऱ्यावर उपाय आहेत. सफरचंदाला आपल्याकडे अजून यांतले काहीच नाही. मुरमाड बाजूचे दहा गुंठे मोकळे करा, त्यात बारा बाय दहा फुटांवर साधारण नव्वद झाडे बसतात. तीही एकदम न लावता पहिल्या वर्षी तीस लावा: वीस अ‍ॅना, सहा डोर्सेट, चार एचआरएमएन-९९. पत्थरनाखची दोन-तीन झाडे काळ्या रानाच्या बांधाला लावली तर घरापुरती नाशपाती मिळेल.

जागा ठरवण्यापूर्वी येत्या हिवाळ्यात किमान-कमाल तापमापक आणून दोन ठिकाणी टांगा, एक रानाच्या वरच्या अंगाला आणि एक सर्वांत सखल भागात. थंड हवा पाण्यासारखी खाली वाहते. पाषाण आणि एनडीएकडे लोहगावपेक्षा पहाटे अधिक गारठा असतो, तसाच फरक एकाच शिवारातही दोन-तीन अंशांचा निघतो. सखल तुकडा थंड असेल पण तिथे पाणी साचत असेल, तर निचरा असलेली वरची जागा निवडा. थंडीची तूट बहार धरून भरून काढता येते, पण बुंध्याशी साचलेल्या पाण्यावर नंतर काही करता येत नाही.

रोपे हिमाचलातून येणार असतील तर ती डिसेंबर-जानेवारीत, पाने नसलेली आणि मुळे उघडी असलेली येतात. मागणी पावसाळ्यातच नोंदवावी लागते. हातात आल्यावर मुळांवर गाठी नाहीत ना ते पाहा, खुंटाचे नाव पावतीवर लिहून घ्या, एक रात्र मुळे पाण्यात ठेवून सकाळी लावा, आणि कलमाचा जोड जमिनीपासून वीतभर तरी वर राहील असे पाहा. जोड मातीत गेला तर वरच्या काडीलाच मुळे फुटतात आणि खुंटासाठी मोजलेले पैसे वाया जातात.